दर्यावरचं माणूस

पयली माझी ओवी गं, खाडीच्या मुखाला
दिवा लावी जनी बाय, धन्याच्या सुखाला...

जात्याच्या घरघरीतून वर येणारा तो आवाज स्वप्नाने पहिल्यांदा ऐकला तेव्हा ती सात वर्षांची होती. शेजारच्या पडवीत कमळाआत्या घावनांसाठी तांदूळ दळत होती, आणि कुडाच्या भिंतीअलीकडे स्वप्ना गोधडीत डोळे मिटून पडली होती. मिटल्या डोळ्यांपुढे जनी दिसायची. बुरुजावर एकटी उभी, दिवा पदराआड धरलेला, नवरा गलबतावर गेलेला. मग शत्रूची तारवं खाडीत शिरायची, जनी फुंकर घालून दिवा विझवायची आणि तारवं काळोखात खडकावर फुटायची. एवढं सगळं सहा ओव्यांत. आणि तिच्या धन्याचं गलबत? ते त्याच काळोखात कुठं होतं? ते सातव्या ओवीत होतं, आणि सातवीपाशी आत्याचा आवाज थांबायचा. जातं मात्र फिरत राहायचं.

“सातवी का नाय म्हणत, आत्या?”

“घरातलं माणूस दर्यावर असताना ती म्हणू नये, बाय.”

तेव्हा दर्यावर आत्याचा नवरा असायचा. तो घरीच, आपल्या बाजेवर वारला, पण तोवर मुलगा प्रमोद बोटीवर जायला लागला होता. सातवी ओवी पोटातच राहिली.

पुढे स्वप्ना रत्नागिरीत शिक्षिका झाली आणि कादंबऱ्या लिहू लागली. इतिहासातल्या, रहस्याच्या, आणि सगळ्या बायांच्या. किल्लेदाराची लेक, जासूद म्हणून फिरणारी कासारीण, सुभेदाराला भर कचेरीत खोटं पाडणारी विधवा. पाचवी कादंबरी जनीची होती. तीनशे पानं लिहून झाली होती आणि शेवट अडला होता. म्हणून ती सारखी जयगडला आत्याकडे खेपा घालते, असं सगळे समजायचे. तीही तसंच सांगायची.

खरं वेगळंच होतं. अकरा वर्षांपूर्वी वादळाची सूचना असताना तिचे वडील आबा, म्हणजे आत्माराम तांडेल, बोट घेऊन गेले. सहा जण गेले, पाच परतले. “प्रमोद लाटेबरोबर गेला. पुढं दिसला नाय. एखाद्या जहाजानं उचलला असेल,” असं आबांनी बंदरावर सांगितलं. ‘असेल’ या एका शब्दावर कमळाआत्या अकरा वर्षं जगली. तिने पोराचे दिवस घातले नाहीत. सात वर्षांनी मृत्यूचा सरकारी दाखला मिळतो म्हणून ग्रामसेवक सांगायला आला, तर त्याला चहा पाजून वाटेला लावलंन. आणि दर भाऊबीजेला आबांना पाटावर बसवून ओवाळलंन. “पाच आयांची पोरं परत आणलीस, भाऊ.” आबा मान खाली घालून बसायचे. त्या दिवशी ते जेवत नसत.

तीन वर्षांपूर्वी, वारण्याआधी चार दिवस, आबांनी लेकीला जवळ बोलावून सांगितलं होतं. जाळ्याचा दोर आबांनीच तोडला होता. त्या दोरात प्रमोद होता.

स्वप्नाच्या नायिका कुणाला म्हणून भीत नसत. स्वप्ना भीत होती.

यंदा भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी ती एस्टीतून उतरली. पलीकडे बंदरात कोळशाचं जहाज लागलं होतं आणि वाऱ्याबरोबर काळी भुकटी इकडच्या मासळी वाळवायच्या वळणीवर येत होती. कमळाआत्या वाळत घातलेले कोळंबीचे सोडे झाकत होती. पाठ वाकली होती, जीभ नव्हती वाकली.

“आलीस काय गो? ये, बस हितं. सोड्यांवर नको बसूस, तुझ्या घोडेस्वार बायांसारखी.”

प्रमोदची बायको राजश्री आतून पाणी घेऊन आली. काजूच्या कारखान्यात सोलून सोलून तिच्या बोटांची कातडी काळी पडली होती. जेवणाच्या सुट्टीत ती स्वप्नाच्या कादंबऱ्या वाचायची आणि संध्याकाळी सासूला वाचून दाखवायची.

“वन्स, जनीचं काय झालं? नको, शेवट नका सांगू हां.”

“आणि मला सांग,” आत्या म्हणाली, “तुझ्या त्या बायांना भात शिजवायचा नसतो काय गो कधी? सगळ्या आपल्या तलवारी घेऊन पळतायत. चुलीवरचं उतू गेलं तर बघायचं कुणी?”

राजश्री खुदकन हसली. स्वप्नाही हसली. वळणीच्या कडेला एक कावळा सोड्यांवर डोळा ठेवून बसला होता. आत्याने त्याला हाकललं नाही.

“हिचा भाऊ आलेला लांज्याहून,” ती म्हणाली. “स्थळ आणलंन. बायको वारलेला हाय, एक पोरगी हाय. रिक्षा चालवतो. माणूस बरा.”

“मी नाय म्हणून सांगितलं, आई. परत कशाला तो विषय?” राजश्रीने पदराने गळ्यातलं मंगळसूत्र झाकलं. “ते आले, नि मी घरात नसले तर?”

“ऐकलंस? पस्तिशीची झाली. मी तिला म्हटलं, जा. नि ती उठली तर माझ्याच तोंडून निघालं, थांब.” आत्याचा हात सोड्यांच्या टोपलीवर तसाच राहिला. “बाय, तू जुनी कागदं उकरतेस. दोनशे वर्षांमागची मेलेली माणसं शोधून काढतेस. आत्मारामाची लेक तू. त्यानं मला कधी खोटं नाय सांगितलंन. तू सांग, हिला पाठवू की थांबवू? तू सांगशील तसं करीन.”

‘पाठव.’ एवढंच म्हणून भागलं असतं. राजश्रीचा संसार उभा राहिला असता आणि आबांचं नाव आत्याच्या तोंडी गोडच राहिलं असतं. स्वप्नाच्या ओठांवर तो शब्द आलाही.

“पाठव, आत्या.”

राजश्रीने मान हलवली. “तुम्ही सांगितलंत म्हणून नाय जायची मी, वन्स. तुमची ती कासारीण काय म्हणते? डोळ्यांनी बघितल्याबिगर कुणाला मेलेला म्हणू नये. बघितलाय कुणी त्यांना?”

स्वप्नाने ते वाक्य मागं एका पावसाळ्यात लिहिलं होतं, टेबलाशी बसून, चहा पीत. लिहून झाल्यावर तिला ते फार आवडलं होतं. आता समोर एक बाई ते गळ्यात बांधून बसली होती, आणि अजून वीस वर्षं बसली असती.

तिने आत्याच्या हातातली टोपली काढून बाजूला ठेवली. तो हात दोन्ही हातांत धरला. हात खारवलेला होता, गार होता.

“काय गो? अशी काय करतेस?”

“आबांनी बघितला, आत्या.”

“कुणाला?”

“प्रमोदला. तो गेला. त्याच दिवशी गेला.” आता थांबली असती तर पुन्हा कधीच बोलली नसती. “जाळं समुद्रानं ओढलं होतं, बोट कलंडत होती, आणि दोर त्याच्या पायाला गुंतला होता. आबांनी दोरावर कोयती घातली, बोटीच्या बाजूनं, आणि जाळ्याबरोबर तोही गेला. पाच जण वाचले ते तसे. मला तीन वर्षं माहीत आहे, आत्या. तीन वर्षं मी येते, चहा पिते, ओव्या उतरवून घेते आणि जाते.”

राजश्री भिंतीला टेकत खाली बसली. आत्याने हात सोडवून घेतला नाही. ती फक्त बघत राहिली, लहान पोर बघतं तशी.

“त्याला... कळलं काय गो त्याला?” तिने विचारलं.

एवढं एक तरी गिळून टाकावं, असं स्वप्नाच्या मनात आलं. आबांनीसुद्धा ते भिंतीकडे तोंड करून सांगितलं होतं.

“कळलं, आत्या. दोर तुटला तेव्हा तो शुद्धीत होता. ‘मामा’ म्हणून हाक मारली त्यानं.”