देवदूतांनी परत केलेली वाईन

"हे ऐकून कुणाचा बापही विश्वास ठेवणार नाही, आणि तुझ्या बापाने तर मुळीच ठेवला नसता," म्हातारे फिलिबेर पुतण्याला, एव्रारला, म्हणाले.

सोलांज तळघराच्या दाराशी उभी होती. तिच्या सासऱ्यांनी, एव्रारांनी, नुकतीच कोपऱ्यातल्या पिंपावर बोटांची पेरं आपटली होती. पाच वर्षं न भरलेलं पिंप पोकळ वाजायला हवं. हे भरल्या माठासारखं बद्द वाजलं.

चूक तिची होती. फ्रान्समधल्या बर्गंडीत, तिच्या माहेरी, पिंपात बोटभर जागा दिसली तरी आई ओरडायची: भरा, नाहीतर आंबेल! इथे जुरा प्रांतात पिवळ्या वाईनचं सगळंच उलटं. सहा वर्षं तीन महिने पिंपात थेंब घालायचा नाही. वाईन आटत जाते, वर सायीसारखा पापुद्रा धरतो, आणि तोच तिला राखतो. लग्नाला जेमतेम दोन महिने झालेले, तिला हे ठाऊक नव्हतं. घरात कुणी नसताना, सासरी चार शब्द बरे ऐकायला मिळावेत म्हणून, तिने हे पिंप नव्या वाईनने काठोकाठ भरलं. पापुद्रा बुडाला. त्यात पिंप आजेसासऱ्यांच्या शेवटच्या हंगामाचं. हे कळलं तर दहा पिढ्यांच्या या तळघराचं दार आपल्याला कायमचं बंद, एवढं तिला समजत होतं. नवऱ्याला सांगायचाही धीर झाला नव्हता. काल रडत रडत तिने फक्त फिलिबेरना सांगितलं होतं.

"दादा मेल्यावर स्वर्गात पोचला," फिलिबेर रंगात आले होते, "तर देवदूत ओठ पुसत बसलेले. याने वास घेतला. आपल्याच पिंपाचा! आटते आटते म्हणतो ना आपण, ती हे लेकाचे पितात. आणि तुझा बाप कसा होता? पाहुण्याच्या ग्लासात आधी अंगठा घालायचा, मग ओतायचा, तेवढीच कमी लागावी म्हणून."

"काका, पापुद्रा कुठंय?" एव्रारांनी बूच काढून आत पाहिलं.

"ऐक तर! दादाने सगळी परत मागितली, म्हणून गुरुवारी आले सगळे, गाल फुगवून, रांगेने. एकेकाने चूळ परत टाकली. या डोळ्यांनी पाहिलं."

सोलांज सासऱ्यांच्या ओठांकडे बघत राहिली. हसतील, आता हसतील. ते हसले नाहीत.

"तुम्हीच पीत होतात," एव्रार हळू आवाजात म्हणाले. "आणि कळू नये म्हणून वर नवी ओतलीत. उद्यापासून तळघरात पाऊल टाकायचं नाही. ती वाटी द्या इकडे."

चव घ्यायची चांदीची वाटी. चाळीस वर्षं म्हाताऱ्याच्या गळ्यात होती. त्यांचा हात दोरीच्या गाठीवर गेला. आता तरी ते आपल्याकडे बोट दाखवतील, असं सोलांजला वाटलं. त्यांची बोटं गाठ सोडत होती, पण तोंड चालूच होतं.

"शेवटचा देवदूत लंगडा होता रे, एव्रार. जिन्यावर धापा टाकत, मला म्हणतो कसा–"

"खोटं!" सोलांज ओरडली. "पुरे, आजोबा! कुणी देवदूत-बिवदूत आला नव्हता. पिंप मी भरलं."