तिसरा रकाना

“तळहाताएवढा पडदा आहे, अंजली. जे मावत नाही ते सरळ गाळायचं. आणि गाळलं म्हणून सांगत बसायचं नाही, माणसं उगीच बावचळतात.”

पुण्याच्या ऑफिसातल्या देविदास सरांचं हे बोलणं अंजलीच्या कानात खणखणीत वाजलं, तेव्हा ती कुरुंद्याला, वडिलांच्या हळद काढून मोकळ्या झालेल्या रानात उभी होती. समोर जाळीचं वाडगं होतं, त्यात मुंजाजीकाकांची मेंढरं. वाडग्याच्या कडेला गोणपाटाखाली काहीतरी झाकून ठेवलं होतं. वाऱ्यानं गोणपाटाचं टोक उचललं आणि तिला इवलासा ओला पाय दिसला. त्याच्यावर अजून लोकरसुद्धा धरली नव्हती.

“आणखी एक गाभडली,” मुंजाजीकाका म्हणाले. त्यांच्या आवाजात रडणं नव्हतं, राग नव्हता. उन्हात वाळत घातलेल्या कातड्यासारखा तो आवाज झाला होता. “कालपासून हेच चालू हाय. हिंडून-फिरून आलेल्या, चांगल्या धडधाकट मेंढ्या. उभ्या उभ्या पोट गळून राहिल्या.”

मुंजाजीकाका दरवर्षी हळद निघाली की अंजलीच्या वडिलांच्या रानात मेंढरं बसवायचे. रानाला खत मिळायचं, मेंढरांना जागा. ती लहान असताना त्यांच्या कोकरांना कडेवर घेऊन गावभर मिरवायची. म्हणून तर त्यांनी सांगितलेलं एवढंसं काम तिनं हौसेनं अंगावर घेतलं होतं.

अंजली पुण्याला एका लहानशा कंपनीत होती. इंटरनेट म्हणजे टेबलावरचा मोठा कॉम्प्युटर, असे ते दिवस. हातात मावणारी यंत्रं नुकती कुठं दिसायला लागली होती, खिशातल्या डायरीएवढी, प्लास्टिकच्या काडीनं टोचून चालवायची. त्या यंत्रांवर इंटरनेटची पानं उघडतील असा ब्राउझर तिच्या ऑफिसात तयार होत होता. मोठ्या पडद्यासाठी बेतलेलं पान त्या चिमुकल्या पडद्यावर बसवायचं म्हणजे परकरातल्या पोरीला नऊवारी लुगडं नेसवण्यासारखं. कुठं खोचायचं, कुठं दुमडायचं, याला अंत नाही. चित्रं काढली, रंग काढले, तरी तक्ते काही आवरेनात. ते काम अंजलीच्या वाट्याला आलं. तिनं नियम लिहिला की तक्त्याचे पहिले दोन रकाने दाखवायचे आणि पुढचं सोडून द्यायचं. बाजारभावाचा तक्ता त्या पडद्यावर असा देखणा बसला, की सरांनी ऑफिसात पेढे वाटले.

सुट्टीत गावी येताना ते यंत्र तिनं सोबत आणलं होतं, शेतात, उन्हात, धुळीत कसं वाचता येतं ते बघायला. गावात नेटवर्क नव्हतंच. पण वसमतच्या सायबर कॅफेत पानं भरून आणली, की यंत्र ती बांधावरसुद्धा उघडून दाखवायचं.

मुंजाजीकाकांनी जंताचं औषध आणलं होतं. दुकानदारानं मोठ्या कॅनमधून काढून साध्या बाटलीत ओतून दिलेलं. नाव काकांनी वाटेत घोकून घोकून पाठ केलं होतं. त्या नादात माप विसरले. अंजली वसमतला निघालीच होती. ती म्हणाली, “नाव सांगा, मी त्याचं पान भरून आणते.” कॅफेतल्या मोठ्या पडद्यावर वाचून बघायला कितीसा वेळ लागला असता? पण तिला बघायचं होतं, आपल्या ब्राउझरवर ते पान कसं दिसतं.

मागच्या रविवारी सकाळी याच वाडग्यापाशी तिनं यंत्र उघडलं होतं.

“ह्या डबीत डाक्टर बसलाय व्हय?” मुंजाजीकाकांनी विचारलं होतं.

“डॉक्टर नाही काका, नुसता त्याचा तक्ता.”

“मंग फी न्हाई मागायचा. वाच.”

“तुमच्यापरीस डबी बरी,” त्यांच्या बायकोनं, नर्मदाकाकूंनी टोमणा मारला होता. “इचारलं तर सांगती तरी. तुमाला इचारलं की घुम्यावानी बसता.”

पडद्यावर दोन रकाने होते, वजन आणि माप. इंग्रजीतलं ते तिनं मराठीत वाचून दाखवलं आणि काकांनी बाटली हलवली. त्यांच्या घरची रीत अशी, की कळपाला औषध पाजणं म्हणजे पंगत वाढणं. आधी कपाळाला भंडाऱ्याचं बोट, मग औषधाचा घोट. पंगतीतून कुणाला उठवायचं नाही आणि पहिला मान गाभणीचा. तिला वर अर्धा घोट जास्तीचा, पोटातल्याचा वाटा म्हणून. अंजलीला ते इतकं गोड वाटलं होतं, की एका गाभणीच्या कपाळाला तिनंही भंडारा लावला होता.

आता तीच मेंढी जाळीला टेकून उभी होती. कपाळावरचा पिवळा डाग अजून पुसट दिसत होता आणि मागचे पाय थरथरत होते.

“काकू कुठं आहेत?” अंजलीनं विचारलं.

काकांनी मानेनंच बाभळीकडं दाखवलं. नर्मदाकाकू बुंध्याशी बसल्या होत्या. ओठांना पापुद्रे आले होते.

“पाणी सोडलंय तिनं,” काका हळूच म्हणाले. “म्हणती, माझ्यामुळं झालं.”

नर्मदाकाकूंचा खंडोबाचा रविवार कडक होता. लग्न होऊन आल्यापासून त्या दिवशी सूर्य मावळेपर्यंत त्या तोंडात काही घालत नसत. जरा वेळानं त्या आपणहून बोलल्या, अगदी खालच्या आवाजात. “त्या रविवारी म्या शालूबाईकडं गेले व्हते. बोलता बोलता तिनं सुपारी हातावर ठेवली अन् म्या तोंडात टाकली. घरी येईस्तोवर ध्यानात न्हाई आलं. देवानं माझ्या तोंडचं माझ्या लेकरांकडून काढून घेतलं बघ.”

अंजली बांधावर जाऊन बसली. हात आपोआप पिशवीत गेला आणि तिनं यंत्र काढलं. ते पान पुन्हा उघडलं. वजन, माप. बरोबर तर आहे सगळं. तिनं तेच सांगितलं होतं, काकांनी तेच पाजलं होतं. मग तिला आपलाच नियम आठवला. तिनं ब्राउझर बंद केला आणि तेच पान साध्या मजकुराच्या रूपात उघडलं, जिथं कुठलाच नियम चालत नाही, सगळी अक्षरं आणि खुणा कच्च्या धान्यासारख्या समोर ओतल्या जातात. काडीनं ती एकेक ओळ खाली सरकवत गेली. वजन. माप. आणि त्याच्या पुढं तिसरा रकाना.

गाभण जनावरांना देऊ नये.

प्रत्येक ओळीपुढं तेच लिहिलं होतं. तिनं डोळे मिटून उघडले. अक्षरं तिथंच होती. इतके दिवस तिच्या पिशवीत, तिच्या उशाशी तिथंच होती. ऊन मी म्हणत होतं आणि तिच्या अंगावर काटा उभा होता. मेंढरं बें-बें करत होती, पण तो आवाज लांब, दुसऱ्याच कुठल्यातरी गावातून आल्यासारखा वाटत होता. पंगतीतला पहिला मान. जास्तीचा अर्धा घोट. पोटातल्याचा वाटा.

भानावर आली ती काकूंच्या बोलण्यानं.

“आवो,” त्या नवऱ्याला सांगत होत्या, “सोनाजीला सांगावा धाडा. त्यो उद्या रविवार धरून औषध पाजणार हाय. म्हणावं, भंडारा दुप्पट लाव. गाभणींचे पाय धर अन् त्यांना पोटभर पाज, वाट्याला कमी करू नको. देवाचा राग तिकडं तरी जाऊ नये.”

सोनाजी म्हणजे काकूंचा धाकटा भाऊ. त्याची मेंढरं कळमनुरीजवळ एका शेतात बसली होती आणि निम्मी बाटली काकांनी त्यालाच दिली होती, मापासकट.

अंजली उठली. आपण उठलो हेही तिला कळलं नाही.

“काका, औषध थांबवा. सोनाजीमामांना औषध पाजू देऊ नका.”

“काहून?”

“गाभणीला ते चालत नाही. त्यानंच गाभडतायत.”

मुंजाजीकाका तिच्याकडं बघत राहिले. “तुला कोण म्हणलं?”

“त्या पानावर लिहिलंय.”

“आज लिहिलं?”

“नाही. तेव्हाही होतं.”

काकांनी हातातली काठी जमिनीवर टेकवली. “म्हंजे लिहिलेलं व्हतं, अन् तुझ्या डबीनं दाखवलं न्हाई.”

“डबीनं नाही, काका.” तिनं यंत्र पुढं धरलं. “दोन रकाने दाखव, पुढचं दाखवू नको, असं तिला मीच शिकवलंय. माझंच काम आहे ते. पुढं आणखी काही आहे एवढं तरी तिनं सांगावं, तेही मी ठेवलं नाही.”

काकांनी वाडग्याकडं पाहिलं, गोणपाटाकडं पाहिलं, आणि मग स्वतःच्या उजव्या हाताकडं, ज्या हातानं घोट पाजले होते. तो हात त्यांनी धोतराला पुसला. पुन्हा पुसला.

“म्या त्यांना जास्तीचं पाजलं,” ते म्हणाले. “लई लाडानं पाजलं गं.”

“मंग देव...” नर्मदाकाकू बाभळीला धरून उभ्या राहिल्या. “मंग देव न्हाई रागावला?”

“नाही, काकू. तुमच्या सुपारीचा काही संबंध नाही.”

काकू रडतील असं अंजलीला वाटलं होतं. त्या रडल्या नाहीत. त्या तिच्याकडं अशा बघत होत्या, जणू घरात मांडीवर वाढवलेल्या पोरीनं भाकरीत खडे घालून वाढले आणि ते त्यांच्या दाताखाली आले.

“एवढं शिकलीस पोरी,” त्या सावकाश म्हणाल्या, “अन् निम्मंच वाचून दाखवलंस.”

अंजलीनं यंत्र पिशवीत टाकलं.

काका धोतराचा सोगा खोचायला लागले. “म्या जातो कळमनुरीला.” इतक्यात जाळीला टेकलेली ती मेंढी गुडघ्यांवर बसली आणि मान लांब करून कण्हू लागली. काका दोन्हीकडं बघत जागच्या जागी थिजले.

“तुम्ही हिला सोडून जाऊ नका. मी जाते,” अंजली म्हणाली.

“तू?” काकूंनी विचारलं. “माझा भाऊ फटकळ हाय. एक शब्द खाली पडू देत न्हाई. काठी घेऊन अंगावर येईल.”

“येऊ द्या.”

“तिथं गेल्यावर काय सांगशील? कुण्या डाक्टरनं नको म्हणलं म्हणून मोकळी होशील?”

अंजलीच्या मनात येता येताच काकूंनी ते बोलून दाखवलं होतं.

“असं करू नको,” काकू म्हणाल्या. “डाक्टर न्हाई, देव न्हाई. आत्ता आमच्या तोंडावर सांगितलंस तसंच त्याला सांग. न्हाई तर त्यो ऐकायचा न्हाई. डाक्टरचं त्यो आजवर कवा ऐकला न्हाई. ज्यानं माप दिलं त्यानंच माप चुकलं म्हणलं, तरच त्यो बाटली ओतून देईल. दे शब्द.”

अंजलीनं हात पुढं केला. काकूंनी तो धरला नाही, नुसता बोटांनी स्पर्श केला आणि सोडून दिला. मग त्या वाकल्या, बाभळीखालचा लोटा उचलला आणि त्यातलं पाणी घोट घोट पिऊ लागल्या. काका मेंढीपाशी बसले होते. तिच्या पोटावरून हात फिरवत होते. त्यांनी अंजलीकडं पुन्हा पाहिलं नाही.

ती घरी गेली नाही. आई जेवायला थांबली असेल, हे आठवूनही गेली नाही. पदर खोचला, चपला झटकल्या आणि बांधाबांधानं फाट्याकडं चालू लागली. रस्त्यात शालूबाई भेटल्या, डोक्यावर वैरणीचा भारा.

“काय गं, भर उन्हाची कुठं निघालीस?”

“कळमनुरीला, मावशी.”

“तिथं कोण हाय तुझं?”

“सोनाजीमामांना भेटायचंय,” ती म्हणाली आणि थांबली नाही.

फाट्यावर लिंबाखाली गाडीची वाट बघणारी दोन-चार माणसं बसली होती. त्यांनी सरकून तिला जागा करून दिली. ती बसली नाही. रस्त्याच्या कडेला, कळमनुरीकडं तोंड करून उभी राहिली आणि सोनाजीमामांपुढं बोलायचं पहिलं वाक्य मनाशी जुळवू लागली. मामा, माप मीच दिलं होतं. लांबून एसटीची धूळ दिसली, तसा तिनं हात वर केला.