ऑगस्टचा आकडा

"मघाचे पाच शब्द पुन्हा सांग," लॉर्ना म्हणाली.

कोल्बीने डोळे मिटले. "लिंबू... घंटा... पूल." बाकीचे दोन आलेच नाहीत. लॉर्नाने मान हलवून त्याला कपडे बदलायला पाठवलं आणि कागदावर बेरीज मांडली. तीसपैकी सतरा.

तो आत जाताच कोच रास्क दारातून आले. त्यांनी कपाटातून कोल्बीचा जुना कागद काढून शेजारी ठेवला. "ऑगस्टात चौदा, आज सतरा. सोमवारी सरावात डोकं आपटून पोरगा हुशार झाला म्हणायचा! शनिवारी खेळतोय तो."

नियम त्यांच्याच बाजूचा होता. दर ऑगस्टात, हंगामाआधी, प्रत्येक खेळाडूची स्मरणशक्तीची तीस गुणांची परीक्षा होई. पुढे कुणाच्या डोक्याला मार बसला की तीच परीक्षा पुन्हा. आकडा ऑगस्टपेक्षा खाली गेला तर घरी, नाहीतर मैदानात. आयोवातल्या या टीचभर कॉलेजाच्या फुटबॉल संघाने नऊ सामन्यांत एकच जिंकला होता. शनिवारचा शेवटचा, तोही नदीपलीकडच्या कॉलेजाशी. तेवढा जिंकला तर गाव बाकीचं सगळं पोटात घालणार होतं.

लॉर्ना अकरा वर्षं या संघाची फिजिओ होती आणि पोरांवर तिचा काडीचा विश्वास नव्हता. मोडक्या बोटाला चिकटपट्टी गुंडाळून "काही नाही, मॅम" म्हणणारी जात ही. त्यात कोल्बी हुइसिंगा गणिताचा विद्यार्थी, प्राध्यापक त्याचं नाव घेताना थकत नसत. अशा पोराला ऑगस्टात, धडधाकट असताना, चौदा? कुठेतरी पाणी मुरत होतं.

कोच गेल्यावर तिने सगळ्यांचेच ऑगस्टचे कागद काढले. नव्या पोरांचे पंचवीस, सव्वीस, अठ्ठावीस. शेवटच्या वर्षातल्यांचे तेरा, चौदा, बारा. कॉलेजात चार वर्षं काढून पोरं मठ्ठ होतात हे तिला मान्य होतं, पण इतकी?

कोल्बी बाहेर आला तेव्हा कागद टेबलावर पसरलेले होते. त्याने ते पाहिले आणि ओळखलं.

"कुणी शिकवलं हे?"

"वरच्या वर्षातली मुलं सांगतात. ऑगस्टात मुद्दाम चुकायचं, म्हणजे पुढे अडत नाही. पहिलं वर्ष सरलं की सगळेच करतात, मॅम."

"आणि आज? ऑगस्टच्या आकड्याशी जुळावं म्हणून आज किती चुका ठरवून आला होतास?" तिचा आवाज चढला. अकरा वर्षं ही पोरं तिला हातोहात बनवत होती.

"आज नाही चुकलो."

"माझ्या डोळ्यांत बघून सांग."

त्याने बघितलं. "सोमवारपासून पुस्तकातली ओळ संपेपर्यंत तिची सुरुवात विसरतो. कुणाला बोललो नाही. म्हटलं आज तरी काही लपवायचं नाही. जीव तोडून उत्तरं दिली." मग म्हणाला, "बरी झाली ना परीक्षा?"

लॉर्नाचा राग कुठल्या कुठे गेला. तिला भीती वाटली. तिने आजचा कागद त्याच्याकडे सरकवला.

कोल्बीने आकड्यावर बोट ठेवलं.

"वीसपैकी ना?" त्याने विचारलं.