एका बाटलीवरचे दोघे

या टेबलावर आम्ही तीन वस्तू आहोत: दोन ऑक्सिजन मास्क आणि एक गोल दाबमापक. मापकावर शंभर रेघा आहेत. त्यांपैकी एका रेघेवर कोणीतरी लाल रंग लावला आहे.

मित्रांनो, डावीकडचा मास्क तो मी. मी आता जुना झालो आहे. मी विमानातून बराच फिरलो, पण आकाश असे पाहिले नाही. कॅप्टनच्या खुर्चीशेजारच्या डब्यात माझी घडी घालून ठेवलेली असे. उजवीकडचा माझा जुळा भाऊ दुसऱ्या वैमानिकाच्या बाजूला. दोघांच्या नळ्या एकाच ऑक्सिजनच्या बाटलीला जोडलेल्या. आमचे काम सोपे होते. उड्डाणाआधी कॅप्टन बाई एक बटण दाबायच्या, मी 'फुस्स' करायचो, बाई 'शाबास' म्हणायच्या. नऊ वर्षे मी एवढेच केले. पुढे काही करावे लागेल असे मला खरेच वाटले नव्हते.

त्या दिवशी शेजारच्या खुर्चीत एक तरुण वैमानिक होता. आठ दिवसांवर त्याचे लग्न होते, म्हणून बाई त्याला 'नवरदेव' म्हणत.

"नवरदेव, ती दाढी काढा की आता."

"नाही हं मॅडम. हिला आवडते. आणि चारच मिलिमीटर आहे, मोजून ठेवलीय."

"धुराला तुझी फूटपट्टी दिसणार आहे का?"

तो हसला. त्यानेही बटण दाबले, माझ्या भावाने फुस्स केले. पण ती तपासणी नळीची होती. गालाची नव्हती.

विमान वर स्थिरावले होते. बाई चहा मागवणार होत्या. आधी वास आला, जळक्या वायरीचा. मग समोरच्या पाट्यांच्या फटीतून धुराचा पांढरा धागा निघाला. मी डब्यात होतो, म्हणून मला वाटले कोणीतरी दिवा मालवला. दिवा मालवला नव्हता. वैमानिकांची खोलीच धुराने काळी झाली होती.

"मास्क!"

बाईंनी मला ओढून काढले. माझे पट्टे फुगले आणि मी त्यांच्या डोक्याला घट्ट बसलो. नऊ वर्षांत पहिल्यांदा माझ्या आत कोणी श्वास घेत होते. तो इतका जोरात होता की मी दचकलो.

शेजारून मात्र खोकला येत होता, आणि एक बारीक शीळ. ती माझ्या भावाची होती. चार मिलिमीटर केसांवर त्याची कड टेकत नव्हती. आतला ऑक्सिजन बाहेर जात होता आणि बाहेरचा धूर आत.

"नवरदेव! ऐकू येतंय?"

त्याची मान कलंडली होती. बाईंनी हात लांब करून त्याच्या मास्कचा दाब पूर्ण वाढवला. त्याने धूर आत जायचा थांबला, पण शीळ दुप्पट झाली. दाबमापकाचा काटा डोळ्यांदेखत खाली येऊ लागला. बाटली एकच होती, मित्रांनो. त्याच्या गालावरून जे वाया जात होते, ते बाईंच्याही वाट्याचे होते.

त्याचा दाब कमी करायला एक बोट पुरले असते.

बाईंनी उजव्या हाताच्या पंजाने माझ्या भावाला त्याच्या तोंडावर दाबून धरले. शीळ थांबली. डाव्या हाताने त्या विमान खाली आणू लागल्या. आपोआप चालवणारी यंत्रणा बंद पडली होती. समोरचे आकडे दिसावेत म्हणून त्या इतक्या पुढे वाकल्या की माझी काच पडद्याला टेकली. आणि मग त्यांनी जे केले ते फक्त मला कळले. त्यांनी आपला श्वास कमी केला. मिनिटाला सोळा श्वास घेणाऱ्या बाई सहावर आल्या. दोन श्वासांच्या मधे मला वाटे, संपले.

बाईंच्या कानात विमानतळावरून आवाज आला, "धावपट्टी मोकळी आहे. सरळ या."

"सरळच येतेय. वळायला हात नाही मला."

इतक्यात शेजारून क्षीण आवाज आला. "सोडा मॅडम... बाटली संपेल... तुम्ही उतरवा."

"गप्प बस. बोलण्यात श्वास वाया घालवू नकोस."

जमीन जवळ आली. आता इंजिनांसाठी त्यांना उजवा हात हवा होता. "ऊठ रे बाळा. दोन्ही हातांनी धर. मला लग्नाला यायचंय."

त्याचे हात दोनदा घसरले. तिसऱ्यांदा त्याने धरले. तेव्हाच बाईंनी हात काढला.

चाके टेकली. मागच्या एकशे अठ्ठेचाळीस माणसांपैकी बऱ्याच जणांना वाटले, आज विमान जरा घाईने उतरले. एक आजोबा दारात म्हणाले, "बॅगा तरी घेऊ द्या की!"

बाईंची उजवी बोटे वाकलेलीच राहिली. डॉक्टरांनी ती एकेक करून सरळ केली. नवरदेवाने इस्पितळातच दाढी उतरवली. "अय्या, तू असा दिसतोस?" असे म्हणत त्याची होणारी बायको रडली आणि हसलीही.

आता तोच इथे नव्या वैमानिकांना शिकवतो. तो आधी आम्हाला उचलून त्यांना दाखवतो, मग त्यांच्या गालांवरून उलटा हात फिरवतो. मित्रांनो, ज्या वस्तूची तुम्हाला रोज गरज पडत नाही, तिला नुसती जागेवर आहे म्हणून सोडून देऊ नका. ती तुम्हाला नीट बसते का, तेही पाहा. आम्ही घट्ट धरतो, पण धरायला जागा लागते.

परवा एका मुलीने विचारले, "सर, ही लाल रेघ कसली?"

त्याने सांगितले. विमान थांबल्यावर तंत्रज्ञाने बाटली तपासली, तेव्हा काटा शंभरापैकी एकावर होता. बाटलीत उरले होते दोघांचे मिळून एकवीस श्वास.