उथळ चेंबर

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, आपल्या वडिलांची जुनी मोटार शर्यतीच्या ट्रॅकवर पळवीत असत. तिच्यात मी नवे, जोरकस इंजिन चढविले होते. केवळ त्याखालचे तेलाचे चेंबर बसविणे शेष होते. खोल चेंबर पुढच्या आडव्या दांड्याला अडत होते, उथळ मात्र अचूक बसत होते.

"उथळच लाव. चालत्या गाड्याला खीळ घालू नकोस," दाजी म्हणाले.

मी उथळ चेंबरात तेल ओतले, तेल ओढणारी नळी आत धरली आणि वेगवान वळणावर घडते तसे ते कलते केले. सारे तेल एका कोपऱ्यात पळाले. नळीचे तोंड उघडे पडले.

"दाजी, ऐन वळणावर इंजिन कोरडे पडून जाम होईल. चाके अडकतील."

"मेहुण्या, मला घाबरवतोस होय?"

"तो घाबरवत नाहीये," दारातून ताई म्हणाली. "मीच घाबरलेय."

दाजींनी वाकून नळीच्या उघड्या तोंडाला बोट लावले.

"आत पट्ट्या जोडून तेल अडवता येईल?"

"येईल. पण उद्याची शर्यत हुकेल."

दाजींनी खिशातून मोटारीची किल्ली काढली आणि ताईच्या हाती ठेवली.