क्रमाने लावा

"सर, माझं नेमकं काय चुकलं तेवढं सांगा. पुढच्या खेपेला चुकायला नको."

सिंगापुरातल्या हौगांगच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या स्टॉलांच्या गर्दीत, मनोहर समोर बसला होता. वीस वर्षं जहाजावर फिटर म्हणून घासलेला माणूस, आणि जहाजाच्या बंद टाकीत उतरण्याच्या सुरक्षा-परीक्षेत चार मार्कांनी नापास! त्याची शिप आज सकाळीच सुटली होती. कंपनीने त्याच्या जागी दुसरा फिटर पाठवला होता.

"प्रश्न नीट वाचला नसशील," त्याला शिकवणारे पद्माकर म्हणाले आणि घाईघाईने कॉफी संपवू लागले.

खरं तर तो प्रश्न कसा होता हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. यंदा परीक्षा कॉम्प्युटरवर गेली तेव्हा प्रश्नांचे प्रकार त्यांनीच निवडले होते. टाकीत उतरण्याआधी काय काय कराल, हे पूर्वी उमेदवार आपल्या शब्दांत लिहायचे. ती अक्षरं लावता लावता पद्माकरांचे रविवार जायचे. म्हणून त्यांनी 'क्रमाने लावा' हा प्रकार घेतला. सहा पायऱ्या बोटाने सरकवायच्या, दहा मार्क, तपासणार मशीन. एक पायरी इकडची तिकडे झाली की शून्य.

"सर, इथे लेखीच ठेवा ना. नाहीतर निदान पायरीगणिक मार्क द्या," असं सहकारी उत्कर्षा म्हणाली होती. "अगं, समुद्रावर अर्धे मार्क नसतात," असं ऐकवून पद्माकरांनी तिला गप्प केलं होतं. वाक्य जमलं म्हणून स्वारी दोन दिवस खूशही होती.

मनोहरने पिशवीतून वही काढली. "मी आधी वॉकी-टॉकी तपासला, मग टाकीच्या दारावर माणूस उभा केला. मशीन म्हणतं, माणूस आधी. आता पाठ केलंय मी."

वर्गातल्या टिपणात स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं : 'वॉकी-टॉकी किंवा माणूस, कुठलंही आधी चालेल, असं सरांनी सांगितलं.' त्यावर मनोहरने पट्टी धरून रेघ मारली होती.

पद्माकरांचे कान तापले. वर्गात आपण दोन्ही चालेल म्हणालो आणि मशीनला एकच क्रम भरवला! त्यांना त्या वहीकडे बघवेना. सगळ्यात जास्त लाज वाटली ती मघाशी त्याच्यावरच ढकललं त्याची.

"मनोहर, तुझं बरोबर होतं," ते कसेबसे म्हणाले. "चूक माझी. तपासायचा आळस केला मी. आजच निकाल बदलायला लावतो, सगळ्यांचेच."

मनोहरने वही मिटून पिशवीत ठेवली.

"घरी फोन केला होता सर. मुलगी म्हणाली, पप्पा, तुम्ही अभ्यास नव्हता का केला?"

"मग? तू काय सांगितलंस?"

"नव्हता केला, म्हटलं."

मनोहर उठला. त्याने आपला ट्रे उचलला, सरांचा रिकामा कपही त्यावर ठेवला आणि ट्रे परत करायच्या रांगेत जाऊन उभा राहिला.