दोन बाटल्या, एकच पाणी

शेडच्या मागे ब्लीचिंग पावडरची रिकामी पोती अकरा होती, त्याच सकाळी फोडलेली. पाण्यात हवा सोडणारी यंत्रं चार, चालू एक. टाकीच्या कडेला मेलेले बेडूक सात. शेवटच्या कुंडातून हिंडन नदीकडे जाणारं पाणी स्वच्छ दिसत होतं आणि त्याला पोहण्याच्या तलावासारखा वास होता.

सगळं वहीत उतरवलं. तपासणीच्या यादीतून सांडपाणी शुद्ध करणारा हा प्लँट मी मागून घेतला होता.

अकरा वर्षांपूर्वी माझे बाबा, शांताराम, इथे केमिस्ट होते. क्लोरीन घातला की पाण्यातले जिवाणू मरतात. मग घाण खायलाच कोणी उरत नाही आणि जिवाणू घाण खाताना किती ऑक्सिजन वापरतात ते मोजणाऱ्या तीन दिवसांच्या चाचणीत गटाराचं पाणीसुद्धा पास होतं. म्हणून आधी क्लोरीन काढायचा, ताजे जिवाणू घालायचे, मगच बाटली बंद करायची. बाबा तसं करत. लिटरला तीस मिलिग्रॅम ऑक्सिजन ही मर्यादा. त्यांचे आकडे तिच्या तिप्पट येत. इंजिनिअर जयंतकाकांनी एका आकड्यावर काट मारली आणि शेजारी लिहिलं, 'केमिस्टचा हात थरथरतो.' बाबांना मीटर वाचायला बसवलं. तेव्हापासून ते इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीला गेले नाहीत. आरतीचं ताट जयंतकाकांच्या हातात असे. प्लँटही अजून त्यांच्याच हातात होता; मला बघून तेच पुढे आले.

"अरे, शांतारामची वीणा! साहेब झालीस यार तू तर. आत चल, चहा घे. बाटल्या माझा ऑपरेटर भरेल."

आजवर आलेल्या प्रत्येक तपासनिसाने तो चहा घेतला होता.

"चहा इथेच मागवा, काका. बाटल्या मी भरते."

"इथे? वासात?"

"आज गटाराचा वास कुठे आहे?"

ते हसले. "बिल्कुल बापावर गेलीस. कसे आहेत? आण ना त्यांना यंदा मंडळात."

"तुम्ही स्वतः बोलवायला या. मीटर वाचत नाहीत आता, घरीच असतात."

एकाच बादलीतलं पाणी मी दोन बाटल्यांत भरलं. तिसरीत आत येणाऱ्या गटाराचं पाणी घेतलं, जिवाणूंसाठी. जिवाणू त्यांच्याच गटारातले असावेत, असं मी घरून ठरवून आले होते. मग परीक्षानळीत आयोडाइड, आम्ल आणि स्टार्च घालून कुंडाचं पाणी ओतलं. ते गडद निळं झालं, म्हणजे क्लोरीन भरपूर होता. दुसऱ्या बाटलीत मी मोजून सल्फाइट सोडलं.

"हे काय घालतेस?"

"क्लोरीन मारायचं औषध."

चहा आला होता; काकांचा कप बशीत टेकला. "नियमात आहे हे?"

"पद्धतीच्या पहिल्याच पानावर. बाबांनी तुम्हाला ते पान दाखवलं होतं, या कठड्यापाशी."

 काकांचा आवाज उतरला. "वीणा, बेटा, सहा महिन्यांत रिटायर होतोय मी. पोरीचं, प्रमोदिनीचं लग्न ठरलंय. साधा नमुना ने ना. घरातली माणसं आपण."

"साधाही नेतेय. दोन्ही नेतेय. लेबलवर सही करा."

"पेन आत राहिलं."

"माझं घ्या."

त्यांनी सही केली. पहिली रेघ लेबलच्या बाहेर गेली. मी दुसरं लेबल दिलं आणि म्हटलं, "सावकाश. हात थरथरतोय तुमचा."

दुसरी सही त्यांनी डाव्या हाताने मनगट धरून केली. ती पूर्ण होईपर्यंत मी बघत उभी राहिले. परतताना गाडीत मला चहाची तल्लफ आली. त्यांनी माझ्यासाठी मागवलेला कप मी तसाच कठड्यावर सोडला होता.

प्रयोगशाळेत दोन्ही बाटल्या शेजारी शेजारी ठेवल्या. दुसऱ्या बाटलीत गटाराचे जिवाणू घातले आणि त्यांचा वाटा शेवटी वजा केला. तीन दिवस, सत्तावीस अंश सेल्सिअस.

पहिली बाटली, जशी भरली तशी: लिटरला नऊ मिलिग्रॅम.

दुसरी बाटली, क्लोरीन काढून: लिटरला एकशे अठरा मिलिग्रॅम.